तळघरातला इंग्रज

क्लिफर्ड ओल्डरॉइडला हवाई छत्रीने असा काही हिसका दिला, की उजव्या पायातला बूट निसटून अंधारात गेला. एका बुटानिशी तो जर्मनीतल्या एका बिटाच्या शेतात उतरला. वर त्याचं विमान पेटून पुढे गेलं आणि टेकडीआड कोसळलं. विमानातल्या सात जणांपैकी आणखी कोणी उडी मारली का, हे त्याला पुढे कित्येक महिने कळलं नाही. सकाळी शेतकऱ्याने दाताळं रोखून त्याला गोठ्यात कोंडलं, आणि दुपारच्या आत एक म्हातारा शिपाई त्याला न्यायला आला.

शिपायाचं नाव एवाल्ड ब्रॉयर. मिशा पांढऱ्या, बंदूक खांद्यापेक्षा जड. त्याने क्लिफर्डच्या पायाकडे पाहिलं आणि चक्क इंग्रजीत म्हणाला, "अरे, अनवाणी चौकशीला जाणार का? लाज आहे की नाही?"

"तुम्हाला इंग्रजी येतं?"

"मागच्या महायुद्धाच्या आधी इंग्लंडात हॅरोगेटच्या हॉटेलात वेटर होतो मी. तुमच्या बायकांना चहा कधीच पुरेसा गरम लागत नसे. तू कुठला?"

"ड्यूसबरी. हॅरोगेटपासून फार लांब नाही."

"ड्यूसबरीचं गिऱ्हाईक आमच्याकडे येत नव्हतं," ब्रॉयर म्हणाला. "परवडायचं नाही." आणि शेतकऱ्याकडून एक लाकडी बूट मागून आणला.

चौकशीच्या छावणीला जायला मधल्या एका शहरात गाडी बदलावी लागणार होती. स्टेशन जवळ आलं तसा ब्रॉयर उठला. त्याने स्वतःचा लांब कोट काढून क्लिफर्डच्या अंगावर चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली. "इथल्या लोकांनी गेल्या महिन्यात एका वैमानिकाला दिव्याच्या खांबाला लटकवलं. तू हॉलंडचा मजूर आहेस. तोंड उघडायचं नाही. खोकलासुद्धा आला तर गिळ."

स्टेशनबाहेर पाऊल टाकलं आणि भोंगे वाजले. भर दुपारी. लोक धावायला लागले, आणि त्या लोंढ्यात ब्रॉयरने त्याला दंडाला धरून एका इमारतीच्या तळघरात ढकललं.

खाली वीसेक माणसं असतील. बाकं, कोळशाचा ढीग, पाण्याच्या बादल्या, मध्ये एक कंदील. क्लिफर्डला बसवेना. गेल्या रात्रीपर्यंत तो विमानाच्या नाकात पोटावर पालथा पडून खाली बघत असे, आणि बोटाखालचं बटण दाबून "गेले" म्हणत असे. तेवढंच त्याचं काम. वरून शहर म्हणजे ठिणग्यांचा सडा. खाली काय असतं याचा विचार करायला वेळ नसे, आणि वेळ मिळालाच तर तो करायचा नसे. आता डोक्यावरून येणारी घरघर त्याला ओळखीची होती. आपलीच विमानं. कदाचित आपल्याच तळावरची.

पहिल्या धक्क्याला जिन्यावरून उतरणारी एक म्हातारी घसरली. तिच्यामागून येणाऱ्या तरुण बाईने आजूबाजूला पाहिलं, आणि सर्वांत जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातात आपली दोनेक वर्षांची मुलगी देऊन ती म्हातारीला उचलायला धावली. तो माणूस क्लिफर्ड होता.

पोर रडली नाही. तिने त्याच्या कोटाचं बटण पकडलं आणि ते तोंडात घालण्याचा प्रयत्न करू लागली. तिच्या केसांना कोबीच्या रश्श्याचा वास येत होता. क्लिफर्डला वाटलं, हिला कोणाच्या तरी हातात द्यावं आणि वर पळत सुटावं. पण त्याचे हात तिला सोडेनात.

बॉम्ब जवळ यायला लागले. आणि मग त्याला तो आवाज ऐकू आला, पिंपाएवढ्या मोठ्या बॉम्बचा, जो शिटी न घालता नुसता फडफडत खाली येतो.

"खाली पडा! सगळे खाली पडा!"

तो ओरडला, इंग्रजीत. शब्द कोणाला कळले नसतील, पण त्या आवाजाने लोक जमिनीवर आडवे झाले. पोरीला पोटाखाली घेऊन तो पडला. तळघर उचलून आपटल्यासारखं झालं. कंदील विझला. छताचा गिलावा, धूळ, काचा.

कोणीतरी पुन्हा कंदील लावला, तेव्हा सगळे त्याच्याकडेच बघत होते. कोट फाटून आतला निळा गणवेश दिसत होता. एका रिकाम्या बाहीला गाठ मारलेला एक माणूस उठला. "इंग्रज!" तो म्हणाला. "हा वरून टाकणाऱ्यांपैकी आहे!"

ब्रॉयर मध्ये येऊन उभा राहिला. बंदूक त्याने उचलली नाही, फक्त आडवी धरली. "माझा कैदी आहे. हात लावायचा नाही."

तरुण बाईने पुढे येऊन मुलगी घेतली. तिचे हात, पाय, डोकं चाचपून पाहिलं. मग क्लिफर्डकडे न बघता ब्रॉयरला म्हणाली, "विचारा त्याला, अजून किती वेळ चालेल?"

ब्रॉयरने विचारलं. क्लिफर्डने कान देऊन ऐकलं. आपण आपल्याच माणसांची चहाडी करतोय का, असं क्षणभर त्याच्या मनात आलं, आणि त्या विचाराचीच त्याला शिसारी आली.

"ही शेवटची चालली आहेत," तो म्हणाला. "पण सांगा त्यांना, लगेच वर जाऊ नका. काही बॉम्ब मुद्दाम उशिरा फुटायला लावलेले असतात."

"मुद्दाम का?" बाईने विचारलं.

क्लिफर्डने फाटक्या कोटाची बटणं चाचपली. आग विझवायला येणाऱ्यांसाठी, हे त्याला माहीत होतं. तिलाही ते बहुधा कळलं.

"इंग्रजाचा हुकूम मी ऐकणार नाही," एक हाताचा माणूस म्हणाला. "पलीकडच्या गल्लीत माझी बायको आहे."

"थांब रे, डिटर!" म्हातारी ओरडली. तो थांबला नाही. जिन्याचं दार उघडून गेला. थोड्या वेळाने वर एक मोठा स्फोट झाला, आणि दाराच्या फटीतून तळघरात धूळ उतरली. तो परत आला नाही.

 क्लिफर्ड भिंतीला टेकून उभा राहिला, मग दुसऱ्या भिंतीपाशी गेला, मग पुन्हा पहिल्या. अखेर ब्रॉयर म्हणाला, "चल, निघायला हवं."

जिन्यापाशी त्या बाईने वाट अडवली. "तुमच्यामुळे आम्ही वाचलो असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. ब्रॉयरने ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. क्लिफर्डने मान हलवली. ती बाजूला झाली.

पुढचे महिने तो जर्मनीच्या पूर्व टोकाला, सायलेशियातल्या कैदी छावणीत होता. तिथे तो तारांच्या कुंपणालगत चालत राहायचा, बर्फात, चिखलात, जेवणाची घंटा होईपर्यंत. त्याच खोलीतला डेस प्लमरिज म्हणायचा, "बाबा रे, इतकं चालून तू इंग्लंडला पोचला असतास. बस की!" एकदा क्लिफर्डने त्याला तळघराचं सगळं सांगितलं. डेसची चेष्टा तिथेच थांबली. "हे इथं कुणाला बोलू नकोस," तो म्हणाला. "उद्या पुन्हा विमानात चढायचं आहे असं समजून जगतोय आपण."

जानेवारीत रशियन फौजा जवळ आल्या आणि कैद्यांना पश्चिमेकडे पायी हाकललं. कित्येक जण रस्त्याकडेला बसले ते बसलेच. क्लिफर्ड बसत नव्हता, म्हणून वाचला.

मे महिन्यात युद्ध संपलं आणि तो घरी आला. बायको एनिडने भिंतींना नवा रंग दिला होता. त्याला त्या खोल्यांत दम कोंडल्यासारखं व्हायचं. लोकरीच्या गिरणीतलं जुनं काम त्याने आठवड्यात सोडलं आणि कोळशाची गाडी चालवायला लागला.

चॅपलच्या हॉलमध्ये परत आलेल्यांसाठी चहापान ठेवलं होतं. पाद्री म्हणाले, "क्लिफर्ड, दोन शब्द बोल." एनिडने त्याची बाही ओढली, पण तो उठला. कैदेतल्या गमतीजमती ऐकायला लोक सरसावून बसले होते. त्याने तळघराचं सांगितलं. पोरीचं, उशिरा फुटलेल्या बॉम्बचं, डिटरचं. 

मागच्या रांगेतून मिसेस आर्मिटेज उभ्या राहिल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा लेस्ली बॉम्बफेकी विमानातच होता. तो परत आला नव्हता.

"मग माझा पोरगा तिथं काय करत होता म्हणतोस?"

"मी करत होतो तेच, काकू."

त्यांनी पर्स उचलली आणि त्या निघून गेल्या. मग आणखी काही जण गेले. घरी जाताना एनिड म्हणाली, "तिला असं बोलायची काय गरज होती?"

"तिने विचारलं."

"विचारलं म्हणून सगळं सांगायचं असतं का रे?" एनिड रडत होती. 

गावात काही जणांनी त्याच्याकडून कोळसा घेणं बंद केलं. एका रविवारी दुपारी दारावर थाप पडली. मिसेस आर्मिटेज होत्या, काळी हॅट घालून.

"आत या ना," एनिड म्हणाली.

"नको. समोरासमोर बसून मला ते ऐकायचं नाही. ए क्लिफर्ड, तुला म्हणे बसवत नाही कुठं. मग चल माझ्याबरोबर."

कालव्याच्या काठाने दोघं निघाले. मिसेस आर्मिटेज पुढे, तो अर्ध्या पावलाने मागे. मग त्यांनी विचारलं, वर थंडी किती असते. त्याने सांगितलं, हातमोजा काढला तर कातडी धातूला चिकटते. भीती वाटते का? वाटते, पण सगळे मिळून वाटून घेतात. गाणी म्हणता का? जाताना नाही. येताना कधीकधी.

"आणि खाली काय असतं, हे लेस्लीला माहीत होतं का?"

क्लिफर्ड चालायचा थांबला. 

"मला माहीत होतं," तो शेवटी म्हणाला. "पण मी बघत नव्हतो."

मिसेस आर्मिटेजनी पाण्याकडे बघत नाक पुसलं. "तो लहानपणी मेलेल्या चिमणीलासुद्धा हात लावत नसे," त्या म्हणाल्या, आणि मग जरा रागानेच, "थांबलास काय? चल पुढे."