पाळण्याचे लाकूड

भरतीने काठावर आणून टाकलेल्या लाकडाला मालक नसतो, असे माझे आजोबा अण्णा सांगत. ते कल्याणच्या कचेरीत कारकून असल्यामुळे मालकीविषयी त्यांचे ऐकावेच लागे. त्या आश्विनात खाडीवर सापडलेल्या सागाच्या ओंडक्यावर मात्र आधीच कोणीतरी दगड ठेवून गेले होते.

दगड ठेवला की लाकूड ठेवणाऱ्याचे. मग ते महिनाभर पडून राहिले तरी कोणी हात लावत नसे. अण्णाही असेच दगड ठेवत. आमच्या घरातले पाट, खुंट्या, फडताळ, सगळे खाडीतूनच आलेले. खाडीच्या चिखलाचा वास मला अजून घरचा वाटतो.

पण त्या वर्षी माझी आई, उत्तरा, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि अण्णांनी ठाण्याच्या व्याह्यांना सागाचा पाळणा कबूल करून ठेवला होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, दगड उचलून बाजूला ठेवला आणि ओंडक्यावर बसले. उचलून न्यायची ताकद नव्हती, सोडून जायची इच्छा नव्हती.

मिठागरावर काम करणारा आमच्या गावचा धाकू आला. दगड त्याचा होता. खाडीचे पाणी त्याच्या शेतात शिरू नये म्हणून बांधाला झडप लागे, ती त्याला या ओंडक्याची करायची होती.

“अण्णा, यावर दगर व्हता ना?”

“होता.”

“मंग?”

“मी काढला.”

कचेरीत इतके सरळ उत्तर अण्णांनी कधी दिले नसावे. मग त्यांनी पाळण्याचे सांगितले.

धाकूने दगड उचलून अण्णांच्या हातात दिला.

“आता तुमी ठेवा.”

अण्णांनी ठेवला. धाकूने तो काढून पुन्हा त्यांच्याच हातात दिला आणि ओंडका खांद्यावर घेतला. अण्णा दगड घेऊन त्याच्यामागून घरापर्यंत आले. तो पुढे आजीने लोणच्याच्या बरणीवर ठेवला.

पुढच्या उधाणात धाकूच्या शेतात खारे पाणी शिरले. त्याने ते अण्णांना कळू दिले नाही.

गुणाजी सुताराने पाळणा केला. बारशाला व्याह्यांनी तो ठोकून पाहिला आणि काही बोलले नाहीत, म्हणजे आवडला.

आई आणि मी अजून आजोळीच होतो, तोच आषाढ लागला आणि लाकडात मुरलेल्या मिठाला पाणी सुटू लागले. पाळणा कायम ओला. आठ दिवस घरच्यांनी माझ्यावरच संशय घेतला. शेवटी धाकूच्या बायकोने, सखुबाईने, जुन्या लुगड्याची झोळी बांधून दिली. मी तिच्यात वाढलो.

पाळणा सुटा करून धाकूने त्याच्या फळ्यांची झडप केली. ती अजून आहे.