अनंताचं गाड्या धुण्याचं मशीन

सापगावच्या शेवटच्या घराच्याही पुढे अनंताचं घर. तिथवर रस्ता जातो, पण रस्त्यावरून कुणी जात नाही. त्याची बायको बाईजा गेली त्याला दोन वर्षं झाली. तेराव्यापर्यंत अंगणात बसायला जागा नव्हती. चौदाव्या दिवसापासून नुसती जागाच. मुलगी सारिका मुरबाडला दिलेली. ती रोज फोन करून "जेवलात का?" विचारते. अनंता "जेवलो" म्हणतो. बोलणं तिथं संपतं.

माणसं कुठं जमतात याचा अनंताने अभ्यास केला. चहाच्या टपरीवर, मयताला आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी नदीवर, गाड्या धुवायला. टपरी टाकायची तर चहा चांगला लागतो. मयत आपल्या हातात नसतं. तेव्हा त्याने शहापूरहून पेट्रोलवर चालणारं, जोराने पाणी मारणारं मशीन आणलं आणि गावात निरोप धाडला: यंदा गाड्या माझ्या अंगणात धुवा, फुकट.

दुकानदाराने शिकवलेलं त्याने पाठ केलं. मशीन उघड्यावर, सपाट जागी ठेवायचं. घरात लावलं तर धुराने माणूस मरतो. ऑइल बघायचं. आधी नळ सोडायचा, पाइपाच्या टोकाची गन दाबून धरायची, पाइपातली हवा फुसफुसून संपली आणि धार सलग झाली की मग पेट्रोलचा कॉक उघडायचा, चोक ओढायचा, दोरी खेचायची. गन सोडून मशीन नुसतं घुरघुरत ठेवायचं नाही, पंप तापतो. आणि धारेपुढे हात धरायचा नाही. ती कातडी कापून आत शिरते. आठवडाभर त्याने मोठ्याने उजळणी केली. ऐकायला घरात कुणी नव्हतं, त्यामुळे चूकही कुणी काढली नाही.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी सात मोटारसायकली, दोन रिक्षा आणि एक टेम्पो आला. अनंताने गमबूट घातले, डोळ्यांना चष्मा लावला, बारा कप चहा ठेवला. मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं. तिथेच सगळं बिघडलं.

"आईचा गुडघा कसा हाय?" अनंताने भगीरथला विचारलं. भगीरथ खर्डी स्टेशनवर रिक्षा चालवतो. मशीनच्या आवाजात तो ओरडला, "हां, मागचा चाकपन मारा."

नदीवर ज्या कामाला अर्धा दिवस जायचा ते इथे पाच मिनिटांत होत होतं. ज्याची गाडी झाली तो हात वर करून निघाला. दहा वाजता अंगण रिकामं. अनंताने मशीन बंद केलं, नळ बंद केला, गन दाबून पाइपातला जोर सोडला, मशीन थंड होऊ दिलं, मग पेट्रोल ओतलं. सगळं नियमाने. चहा तेवढा दोनदा गरम केला.

दुपारी नामा शेत नांगरायचा पॉवर टिलर घेऊन आला. नामा त्याच्याच वयाचा, बाईजा असताना रोज येणारा. अनंताने नळ सोडला, हवा काढली, चोक ओढला, दोरी खेचली. नाही. परत खेचली. नाही.

"कचरा असंल," नामा म्हणाला आणि बसला.

मशीन फुकट आहे ही बातमी पसरायला आठवडा लागला होता. ते बंद पडलं ही दहा मिनिटांत पसरली. विसरलेली बादली न्यायला आलेला भगीरथ थांबला. मागोमाग टेम्पोवाला भिमा आला.

"प्लग काढ," भिमा म्हणाला.

"तू नको काढू," नामा म्हणाला. "टेम्पोचं इंजन खोललंस तवा तीन बोल्ट उरले होते."

"ते जास्तीचेच होते. अजून टेम्पो चालतो ना?"

"उतारावर."

चहा आला. कुणी नको म्हणालं नाही. घोट घेत नामा म्हणाला, "बाईजा असती तर बोलली असती, आधी चाय प्या, मग भांडा."

त्या अंगणात तिचं नाव दोन वर्षांनी कुणीतरी घेतलं. अनंताने मान खाली घातली आणि त्याला कॉक दिसला. बंद. पेट्रोल ओतताना त्यानेच बंद केला होता.

त्याने कॉककडे पाहिलं. चौघांच्या हातातल्या कपांकडे पाहिलं.

"प्लगच असंल," तो म्हणाला.

मग प्लगवर तास गेला. भगीरथच्या आईचा गुडघा कळला, भिमाची मेहुणी कळली. भिमाला गप्प बसवेना. तो मशीनपाशी बसून जे फिरेल ते फिरवत होता. फिरवता फिरवता कॉकही फिरला. त्याने दोरी धरली. तिकडे भगीरथ गन दाबून नोझलच्या तोंडावर अंगठा ठेवत म्हणाला, "जोर येतो का बगू."

"भिमा, दोरी सोड," अनंता म्हणाला. "भगीरथ, बोट काढ. मशीन चांगला हाय. कॉक बंद होता. मला ठाव होता."

भगीरथने अंगठा काढला आणि त्याच्याकडे बघत राहिला.

"कदीपासनं ठाव होता?" नामाने विचारलं.

"तू तिचा नाव काडलास तवापासनं."

भिमाने दोरी खेचली. मशीन सुरू झालं आणि आणखी बोलायची सोयही राहिली नाही. टिलर पाच मिनिटांत धुऊन झाला. भगीरथ बादली घेऊन गेला, भिमा हात वर करून गेला.

अनंताने मशीन बंद केलं, नळ बंद केला, गन दाबली. पाणी फुस्स करून संपलं. नामा टिलरवर चढला.

"उद्या सोनं द्यायला येतो."

"उद्या दसराच हाय. उद्या सगलेच येतील," अनंता म्हणाला. "परवा?"

नामाने थोडा विचार केला. "परवा टिलर धुवायचाय."

"आता तर धुतला."

"परवापर्यंत मळंल," नामा म्हणाला आणि गेला.

रस्ता परत मोकळा झाला. कप चार होते. अनंताने ते बादलीत, हाताने, सावकाश धुतले.