मिसेस रोशों जेवायला आल्या

कान्जेलोसींच्या खानावळीत मी एकोणिसाव्या वर्षी लागले आणि पाय सुजायला लागेपर्यंत तिथेच टेबलं सांभाळली. कोपऱ्यावरचं लाकडी घर, चौदा टेबलं, काचेवर रंगवलेला एक खेकडा. त्या खेकड्याला एक नांगी कमी होती, कारण रंगाऱ्याची जागा संपली होती. आत लसणाचा आणि कोळंबीचा वास, आणि शुक्रवारी माणसांचा गोंगाट. तेव्हा शुक्रवारी कुणाच्याच घरी मांस शिजत नसे. चर्चमध्ये मिसाला जाणारे, न जाणारे, सगळे आमच्याकडे मासळी खायला येत.

खानावळ मिस्टर व्हिटो कान्जेलोसींची. त्यांचे वडील सिसिलीहून बोटीने आले होते. टोमॅटोची लाल ग्रेव्ही, पावाचा चुरा भरलेले आर्टिचोक, कालवं घातलेली स्पगेटी हे त्यांच्या घरचं. पण लोक ज्यासाठी रांग लावत तो होता गम्बो, कोळंबी-खेकड्यांचा दाट रस्सा, आणि गम्बो मिस ओडील रोशोंचा होता. लग्न झालेलं असूनही सगळे त्यांना मिस ओडीलच म्हणायचे. अठरा वर्षं त्या आमच्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या. बिडाच्या काळ्या भांड्यात तेलावर पीठ परतत राहायच्या, तासभर, हात न थांबवता, ते जुन्या तांब्याच्या पैशाच्या रंगावर येईपर्यंत. त्यालाच रू म्हणतात. तो जमला तर पुढचं सगळं जमतं. एक ठिपका जरी करपला तरी अख्खं भांडं फेकायचं, दुसरा उपाय नाही.

मिस ओडील क्रिओल होत्या, फ्रेंच आणि आफ्रिकन अशा मिश्र रक्ताच्या. रंगाने माझ्या आईपेक्षा उजळच, पण शहराच्या लेखी काळ्या. त्यामुळे त्या मागच्या दाराने यायच्या, मागच्या दाराने जायच्या आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून जेवायच्या. अठरा वर्षांत त्यांनी आपला गम्बो टेबलावर बसून कधी खाल्ला नव्हता. चौसष्टच्या उन्हाळ्यात कायदा बदलला. मिस्टर व्हिटोंनी एका सकाळी दारावरची 'फक्त गोऱ्यांसाठी' ही पाटी काढून टाकली.

ऑक्टोबरातला एक सोमवार मला लख्ख आठवतो. सोमवारी आमच्याकडे ठरलेला लाल घेवडा, तोच शिजत होता. मिस ओडील हात पुसत म्हणाल्या, "मिस्टर व्हिटो, मला ह्या शुक्रवारी सुट्टी हवी."

"शुक्रवारी?" मिस्टर व्हिटोंच्या हातातला पाव तसाच राहिला. "ओडील, अख्खी वस्ती शुक्रवारी इथे येते."

"माहीत आहे. त्यांच्यासाठी रांधतं कोण?"

"लग्न आहे का कुणाचं?"

"नाही."

"कुणी गेलं का?"

"सगळे जिवंत आहेत. नवऱ्याला घेऊन जेवायला जायचंय."

"मग शनिवारी जा ना. कुठे जायचंय एवढं?"

"इथे," मिस ओडील म्हणाल्या.

मिस्टर व्हिटोंनी पाव खाली ठेवला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, जणू मीच काही शिकवलं होतं. मग म्हणाले, "ये की. मी काय नाही म्हणतोय? पण गुरुवारी गम्बो करून ठेवून जा."

"माझ्या हातचं मी रोजच खाते. मला कुणीतरी रांधून वाढलेलं खायचंय."

"कोण रांधणार?"

"खानावळ कुणाची आहे?"

त्या संध्याकाळी बसची वाट बघताना त्या मला म्हणाल्या, "प्रोव्ही, एक सांगून ठेवते. शुक्रवारी आत काहीही होवो, आग लागो, मला बोलवायला यायचं नाही. मी एकदा जरी उठून त्या दारातून आत गेले ना, तर मी जेवायला आले होते असं कुणीच म्हणणार नाही. मग मी कामावरच आले होते."

"नाही बोलवणार," मी म्हटलं.

"शप्पथ?"

मी शपथ घेतली. बावीस वर्षांची होते, शपथा घ्यायला मला आवडायचं.

शुक्रवारी मिस्टर व्हिटो पहाटे साडेपाचला स्वयंपाकघरात शिरले आणि दार लावून घेतलं. दुपारपर्यंत आतून सिसिलियन शिव्या ऐकू येत होत्या. चार वाजता भांड्यात गम्बो तयार होता. रंग जरा लालसर वाटला.

साडेपाचला पुढचं दार उघडलं. मिस ओडील निळ्या कोटात होत्या, डोक्यावर इस्टरला घालायची ठेवणीतली टोपी, हातमोजे. मागे त्यांचे यजमान, मिस्टर नूमा. ते गिलावा करणारे कारागीर होते, आणि आमच्या जेवणाच्या खोलीचं छत त्यांच्याच हातचं होतं. आत आल्या आल्या त्यांनी मान वर केली आणि ती बराच वेळ खाली आणली नाही.

"नूमा, लोक बघतायत," मिस ओडील कुजबुजल्या.

"बघू देत. त्या कोपऱ्याला भेग पडली नाही अजून. पंधरा वर्षं झाली."

मी पुढे गेले. "या, मिसेस रोशों. मिस्टर रोशों. तुमचं टेबल तयार आहे."

काटे-चमचे वाजायचे थांबले. खिडकीजवळच्या टेबलावरचे चौघे उठले, रुमाल घडी करून ठेवले. त्यातला एकजण दाराशी मिस्टर व्हिटोंना म्हणाला, "आम्हाला आठवलं, आज दुसरीकडे जायचं होतं."

"मग लवकर निघा," मिस्टर व्हिटो म्हणाले. "उशीर होईल."

बाकी कुणी उठलं नाही. कॅप्टन युस्टिस नदीवर जहाजं ओढणारी टगबोट चालवायचे आणि दर शुक्रवारी आमच्याकडे असायचे. त्यांनी खोकून आवाज साफ केला आणि मोठ्याने म्हणाले, "प्रोव्ही, अगं, ते लोक पाव न खाताच गेले. इकडे दे." मग हळूहळू पुन्हा काटे-चमचे वाजायला लागले.

मी आधी आर्टिचोक दिलं. मिस ओडील एकेक पान ओढून खात होत्या, हातमोजे काढून घडी करून मांडीवर ठेवलेले. मग मी गम्बोच्या दोन वाट्या आणल्या.

त्यांनी चमचा भरला. आधी वास घेतला. मग तोंडात घातला आणि चमचा खाली ठेवला.

मिस्टर नूमा खात होते. "बरा आहे की."

"नूमा, चमचा ठेव."

"भूक लागली आहे गं."

"ठेव म्हणते ना." मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाज अगदी हळू, पण शेजारच्या दोन टेबलांना ऐकू गेला असणार. "प्रोव्ही, हे परत घेऊन जा. रू करपलाय. आणि ते लपवायला टोमॅटो घातलाय."

मी दोन्ही भरलेल्या वाट्या उचलल्या. आमच्याकडे गम्बो परत पाठवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्या संध्याकाळी निम्म्या खोलीने तोच गम्बो चाटून पुसून खाल्ला होता.

स्वयंपाकघरात मिस्टर व्हिटोंनी वाट्या बघितल्या. "काय झालं? गरम नाही?"

"करपलाय म्हणतात. टोमॅटोही कळला."

"परत पाठवला? माझा गम्बो? माझ्याच खानावळीत?" त्यांनी चमचा घेऊन चाखला. दोनदा चाखला. मग खुर्चीवर बसले. "जरासाच लागला होता. तळाला. वाटलं, टोमॅटोने झाकला जाईल. आई सगळं टोमॅटोनेच झाकायची." थोडा वेळ त्यांनी कपाळ चोळलं. "जा, तिला बोलव. तिला दोन मिनिटं लागतील, मला सगळी रात्र लागेल."

"मी नाही बोलवणार."

"काय म्हणालीस?"

"शपथ घेतलीय. आणि दोन मिनिटं नाही लागत, तास लागतो. तुम्हालाही माहीत आहे."

मला वाटलं, उद्यापासून दुसरीकडे काम शोधायला हवं. ते उठले, एप्रन न काढताच बाहेर गेले. मी मागोमाग.

"ओडील," ते टेबलाशी वाकून म्हणाले, "जरा आत येतेस? फक्त बघायला. हातही लावू नकोस."

मिस ओडील उठल्या नाहीत. पण त्यांचे दोन्ही हात टेबलाच्या कडेवर आले होते, उठताना ठेवतात तसे. मला ते दिसले. अठरा वर्षांची सवय, हाक आली की उठायचं. त्यांनी एक श्वास घेतला आणि हात पुन्हा मांडीवर नेले.

"मिस्टर व्हिटो, तुमची गिऱ्हाइकं स्वयंपाकघरात जातात का?"

"नाही."

"मग मला काय विचारता?"

मिस्टर व्हिटोंचे कान लाल झाले. खोलीतली सगळी माणसं आपापल्या ताटात बघत होती. मग त्यांनी पाठ ताठ केली. "नव्याने करायला सव्वा तास लागेल, मिसेस रोशों."

"आम्हाला घाई नाही."

"मला आहे," मिस्टर नूमा म्हणाले.

"ह्यांना कालवं द्या," मिस ओडील म्हणाल्या.

कालवं दिली. भांडं घासल्याचा आवाज आला. मग तेल तापल्याचा वास, आणि थोड्या वेळाने पिठाचा. आमचं स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली ह्यांच्यात एक झुलतं दार तेवढं होतं, त्यामुळे आत काय चाललंय ते नाकाला सगळं कळायचं. मिस ओडील नवऱ्याशी बोलत होत्या, भाचीच्या नव्या घराबद्दल, पाद्रीबुवांच्या लांबणाऱ्या प्रवचनाबद्दल. पण उजवा हात टेबलावर होता, आणि तो गोल गोल फिरत होता. हळू, एका लयीत. त्यांना स्वतःला ते कळतही नव्हतं. मिस्टर नूमांनी कालव गिळलं, रुमालाला हात पुसला आणि आपला हात त्यांच्या हातावर ठेवला. तरी आतून बोटं हलत राहिली.

कच्च्या पिठाचा वास गेला. भाजलेल्या शेंगदाण्यासारखा वास आला. मग कॉफीचा. मिस ओडीलचं बोलणं अर्ध्यावर थांबलं. ह्या जागी एक मिनिटभराचा अवकाश असतो. तेवढ्यात कांदा पडला तर रू तिथेच थांबतो, नाही पडला तर करपतो. सकाळी ह्याच जागी घात झाला होता. त्यांची खुर्ची मागे सरकली.

"आता," त्या म्हणाल्या. मला नाही, कुणालाच नाही. "आता, आता घाल."

मी झुलत्या दाराकडे वळले.

"प्रोव्ही." त्या अर्धवट उभ्या होत्या, डोळे दारावर. "तू कुठेही जाऊ नकोस."

"पण करपेल."

"करपू दे." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "करपला तर पुन्हा करतील."

त्या खाली बसल्या. बसताना डोळे मिटून घेतले. मी तिथेच उभी राहिले, हातात पाण्याचा जग. कॅप्टन युस्टिसही खायचे थांबले होते, त्यांना काय कळलं कुणास ठाऊक.

मग आतून चर्र असा मोठा आवाज आला. कांदा पडला होता. त्याच्यामागोमाग ढोबळी मिरची आणि सेलरी. वास गोडसर झाला आणि तसाच राहिला.

मिस ओडीलनी डोळे उघडले आणि पाण्याचा घोट घेतला. "तर काय सांगत होते," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "जिन्याला कठडाच नाहीये त्यांच्या."

सात वाजता वाट्या मिस्टर व्हिटोंनी स्वतः आणल्या. शर्ट घामाने भिजला होता, मनगटावर भाजल्याचा लाल पट्टा. गम्बोत भेंडी होती, खेकड्याच्या तंगड्या होत्या, कोळंबी होती, टोमॅटो नव्हता. रंग मिस ओडीलच्या गम्बोपेक्षा दोन छटा फिका. ते तिथेच उभे राहिले.

मिस ओडीलनी वास घेतला. चाखला. पुन्हा चाखला. मिस्टर नूमा चमचा हातात धरून परवानगीची वाट बघत होते.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

मिस्टर व्हिटो कॅप्टनच्या टेबलावरून मिठाची बाटली घेऊन आले.

मिस ओडीलनी मीठ घातलं, ढवळलं, आणि त्या खायला लागल्या. खेकड्याची तंगडी दातांनी फोडली, पावाने वाटी पुसली. मी कितीतरी माणसांना त्या खोलीत जेवताना पाहिलंय, नवरा-नवरींना, भांडून आलेल्यांना, मयताहून परतलेल्यांना. पण एवढं सावकाश जेवलेलं कुणी मला आठवत नाही.

"मिस्टर व्हिटो," कॅप्टन युस्टिस ओरडले, "त्या वाटीतला मलाही हवा. सकाळचा नको."

"आणि इकडे दोन," मागून कुणीतरी म्हणालं.

मिस्टर व्हिटोंनी एप्रनला हात पुसले. आत भांड्यात अजून बराच गम्बो होता, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता.

"संपला," ते म्हणाले. "एकाच टेबलापुरता केला होता."

मिस्टर नूमांनी रिकामी वाटी पुढे सरकवली. मी ती उचलली आणि पुन्हा भरून आणायला आत गेले.