मेथीची जुडी

शारदा गेल्याचं मला दोनदा कळलं. पहिल्यांदा ती गेली तेव्हा, आणि दुसऱ्यांदा आयसीयूत, भर दुपारी.

मधलं वर्षभर मी रोज प्यायचो. अरेरा कॉलोनीतल्या घरी एकट्याला दुसरं काही सुचायचं नाही. वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा वाटलं, पिंडाला हात लावायचा तर प्यायलेल्या हातानं नको. कुणाला न विचारता एकदम बंद केली. हात थरथरायला लागले, घाम सुटला, मग म्हणे झटके आले. मुलगी योगिनी श्राद्धासाठी आली होती, तिनं दवाखान्यात नेलं.

मी मात्र तुलसी नगरच्या आमच्या जुन्या क्वार्टरमध्ये होतो. खिडकीतून ऊन येत होतं. समोर शारदा, मधे मेथीची जुडी. दोघं निवडत होतो.

"देठं केवढी ठेवताय! गुरांना घालायचीय का?" ती म्हणाली.

"अंकल, चादर में से क्या चुन रहे हो?" सिस्टरनं विचारलं.

"मेथी. इनको कुर्सी दो ना."

योगिनीनं माझा हात धरला. "बाबा, आई नाहीये आता."

मी शारदाकडं बघितलं. तिनं मान वर केली नाही. "खरं सांगतेय ती. पण एवढी जुडी होऊ द्या."

सिस्टरनं सलाइनच्या नळीतून औषध सोडलं. खोली पाण्याखाली गेल्यासारखी झाली. मला झोपायचं नव्हतं. जुडी संपायच्या आत झोपलो तर ती उठून जाणार, हे कळत होतं.

"झोपा," शारदा म्हणाली. "राहिलेली मी बघते."

जागा झालो तेव्हा मांडीवर चादरीचे सुटे धागे होते.

"अंकल, ये कौन सी जगह है?" डॉक्टरांनी विचारलं.

"अस्पताल."

"पास में कौन है?"

"बेटी."

"और कोई?"

मी पायाशी बघितलं, खिडकीपाशी बघितलं. परत एकदा बघितलं.

"और कोई नहीं."

"बहुत बढ़िया!" डॉक्टर हसले. योगिनीला रडू फुटलं.

रोज पिणाऱ्यानं अशी एकदम सोडायची नसते, डॉक्टरांना सांगून औषधांवर सोडायची असते, हे मला तेव्हा समजलं.

आता घरी आहे. पीत नाही. तिथी मी झोपेत असताना निघून गेली. शारदाचं वर्षश्राद्ध करायचं राहिलं आहे.