शकूची चरवी

बुधाजी पाटलांच्या घरी त्या दिवशी नातवाचे बारसे होते. पळसदरीच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावात पाटलांकडचे तळण म्हणजे बघण्यासारखी गोष्ट. सकाळपासून मोठी कढई चढलेली आणि वड्या-पुऱ्यांचा वास थेट विहिरीपर्यंत. तळून तळून तेल काळे पडले, फेसाळू लागले, तशी पाटलीण सोनुबाईंनी कढई उतरवली, तेल फडक्यातून गाळले आणि हाक मारली, "शके, तुजी चरवी आन गं."

शकू त्यांची धाकटी सून. वय एकवीस. नवरा गोमा दोन वर्षांपूर्वी तापाने गेला आणि पदरात जना राहिली, आता चार वर्षांची. पाटलांच्या जातीत पूर्वी विधवेचा पाट, म्हणजे दुसरे लग्न, लागत असे. खुद्द बुधाजींच्या आजीचा लागला होता. पण पाटीलकी आली, कर्जतच्या मोठ्या लोकांत उठबस वाढली, आणि आपल्या घरची विधवाही त्यांच्या घरच्या विधवेसारखीच राहिली पाहिजे असे बुधाजींना वाटू लागले. तेव्हापासून शकूला एकवेळचे जेवण, वेगळी चूल आणि वेगळी भांडी. मोठेपणा बुधाजींना हवा होता, उपास मात्र शकूच्या वाट्याला आले.

तेलाचेही तसेच. तळणीचे तेल ओतून टाकले की लक्ष्मी घराबाहेर जाते, अशी सोनुबाईंची पक्की समजूत. घरातल्या पुरुषांनी आणि सुवासिनींनी ते खायचे नाही, घसा धरतो. मग ते जायचे कुठे? शकूच्या चरवीत. दोन वर्षांत ताज्या तेलाचा थेंब तिच्या चुलीपर्यंत आला नाही. ह्यात काही वाईट आहे असे त्या घरात कोणाच्या मनातही आले नाही. शकूच्याही नाही.

चरवी तांब्याची होती. दिवाळीच्या आधी कल्हईवाला आला तेव्हा घरातली सगळी भांडी लखलखीत झाली. शकू चरवी घेऊन पुढे झाली, तेव्हा थोरली जाऊ म्हणाली, "तुजी मागनं बघू." ते मागनं काही आले नाही.

बारसे होऊन पंधरा दिवस झाले आणि शकूला उलट्या सुरू झाल्या. जेवण झाले की पोटात ढवळायचे, तोंडाला पाणी सुटायचे आणि ती परसातल्या केळीआड धावायची. तिसऱ्या दिवशी ती तोंड धुऊन वळते तो समोर सोनुबाई.

"कितवा म्हैना?"

शकूला आधी कळलेच नाही. कळले तेव्हा तिच्या हातातला तांब्या खाली पडला. "आत्याबाई, जनाची आन घेते. तसलं काय नाय वो!"

"मग वकतीस कशापाई? मी काय चार लेकरं अशीच काढली?"

त्या दिवसापासून शकूच्या चारी वाटा बंद झाल्या. जेवावे तर उलटी होते, आणि उलटी झाली की पाप सिद्ध होते. न जेवावे तर सोनुबाई म्हणत, "आता उपास करून लपिवते." एकदा ती जावेजवळ रडत म्हणाली, "सुईनीला बलवा. ती बघंल आनि सांगंल." जावेने कपाळाला हात लावला. सुईण पाटलांच्या विधवेकडे आली, एवढीच बातमी गावाला पुरे झाली असती. ती काय सांगून गेली हे ऐकायला कोण थांबणार होते? जी बाई तिला सोडवू शकली असती, तिलाच बोलावता येत नव्हते.

मंगळवारी डोंगरावरच्या वाडीतली मंगळी मोळी घेऊन आली. तिला कुंपणाच्या आत यायची मुभा नव्हती. ती मोळी बाहेरच टाकायची. शकूला जेवण नकोसेच झाले होते. तिने चरवी कुंपणापर्यंत नेली आणि म्हणाली, "मंगळे, दिव्याला तेल नेतीस का?"

मंगळीने चरवी न शिवता वाकून पाहिली, वास घेतला आणि नाक मुरडले. "वयनी, ह्ये कळकलंय गं! कडंनी हिरवं धरलंय, बघ. ह्ये तू खातीस? आमच्या वाघ्या कुत्र्यानं असंच कुनीतरी दिल्यालं खाल्लं व्हतं. तीन दिस वकत व्हता."

 शकूने चरवी उन्हात धरली. आतल्या काठाला मोरचुदासारखा हिरवा थर होता आणि तो तेलात उतरला होता. रोज अंधाऱ्या पडवीत ती त्यातूनच फोडणीला घालत होती.

"मंगळे, एवढं आत्याबाईस्नी सांग. तुज्या पाया पडते."

मंगळीने कुंपणावरून हाक मारून सांगितलेही. सोनुबाई बाहेर आल्या. त्यांनी चरवीकडे बघितलेदेखील नाही. "मोळी टाकलीस न्हवं? मग वाटंला लाग. पाटलाच्या घरातलं आता तू आमाला शिकवनार?"

शकू मध्ये पडली, "आत्याबाई, नुसतं बघा तरी."

"दोन वर्सं ह्येच खातीस. तवा नाय झालं, आताच बरं झालं?"

कल्हई आता गेली आहे, हे शकूने दोनदा सांगितले. पण मंगळीच्या तोंडून आले म्हणून ते आधीच खोटे ठरले होते. मंगळी निघून गेली आणि शकू चरवी घेऊन आत आली.

बुधाजींनी बुधवारी निर्णय सांगितला, तोही सुनेला नाही, भिंतीला. "नाशकाला असल्या बायकांचं वळखीचं एक ठिकान हाय. उद्या नागू गडी कर्जतला आगगाडीत बसवून तिकडं सोडून यील. पोरगी हितंच ऱ्हाईल. बोभाटा नगं."

पोरगी इथेच राहील! शकूला बाकी सगळे सोसले असते. तिने सासऱ्यांच्या पायाशी डोके ठेवले. त्यांनी पाय मागे घेतले.

गुरुवारी सकाळी नागूने अंगणात बैल जुंपले. वाटेत खायला म्हणून शकूने आपल्या चुलीवर चार पुऱ्या तळून फडक्यात बांधल्या होत्या. तेल तेच, दुसरे होते कुठे? आणि वाटेत उलटी झाली तरी आता तिचे काय जायचे उरले होते? आईच्या चुलीवरचे खायचे नाही, अशी जनाला ताकीद असे. पण आई कुठेतरी चालली आहे आणि आपल्याला नेत नाही, एवढे त्या पोरीला समजले होते. शकू आत गोमाच्या फोटोपुढे हात जोडून उभी असताना जनाने गाठोडे सोडले आणि पडवीत बसून दोन पुऱ्या खाल्ल्या. आईचे काहीतरी आपल्याकडे राहावे, असेच तिला वाटले असेल.

शकूने गाडीच्या चाकावर पाय ठेवला आणि मागून जनाचा आवाज आला. ती अंगणाच्या मध्यावर वाकून ओकत होती. हिरवट पाणी, आणि त्यात पुरीचे तुकडे. एक उलटी, दुसरी, तिसरी. मग तिने डोळे फिरवले.

शकूने तिला उचलले. बुधाजी ओट्यावर, सोनुबाई दारात, नागू बैलांपाशी. कोणी हलले नाही. दोन वर्षांत सासऱ्यांपुढे जिचा आवाज फुटला नव्हता, ती शकू मान वर करून म्हणाली, "मामंजी, हिलाबी दिवस गेलं का?"

बुधाजींनी मान खाली घातली. मग ते म्हणाले, "नागू, पोरीला दवाखान्यात ने. शकूलाबी संगं घे."

गाडी कर्जतला गेली, पण स्टेशनावर नाही. डॉक्टरांनी तांब्याचे विष सांगितले, औषध दिले. चौथ्या दिवशी जना खायला मागू लागली. शकूची क्षमा कोणी मागितली नाही. बुधाजींनी मात्र कल्हईवाल्याला मुद्दाम बोलावून शकूची चरवी आतून रुप्यासारखी करून घेतली, आणि आपण मोठा न्याय केला ह्या समाधानात पान जमवले.

पुढच्या सणाला पुन्हा तळण झाले. तेल पुन्हा काळे पडले. सोनुबाईंनी ते फडक्यातून गाळले आणि त्या चकचकीत चरवीत ओतले. "घे गं. आता काय भ्या नाय."

शकूने चरवी घेतली. पडवीत न जाता ती परसात गेली, उकिरड्यापाशी खड्डा काढला आणि सगळे तेल त्यात ओतून वर माती लोटली.

सोनुबाई धावत आल्या. "शके! लक्षुमी रुसंल गं!"

"रुसू द्या. दोन वर्सं माज्या पोटात कोंडली व्हती, तवा काय हसत व्हती?" शकूने रिकामी चरवी त्यांच्यापुढे धरली. "ताजं तेल घाला, आत्याबाई. न्हाय तर मी कोरडी भाकर खाईन. पन ह्ये आता मी खानार नाय, आनि माज्या लेकीला खाऊ द्येनार नाय."

ह्या वेळी सोनुबाईंनी चरवीकडे पाहिले. मग त्यांनी ती हातात घेतली आणि आत गेल्या. ती भरून आली की नाही, हे त्यांच्या घरचे झाले. वाचकहो, आपण आपल्या घरचे बघू. तळण झाल्यावर उरलेले तेल आपल्याकडे कोणाच्या भांड्यात जाते ते आज स्वयंपाकघरात जाऊन पाहा. भांड्याला कल्हई आहे का, हा प्रश्न नंतरचा. ते भांडे कोणाचे आहे, ते आधी विचारा.