सतरा नंबरची नळी

सतरा नंबरची नळी चौथ्या रेघेपर्यंत भरली होती, आणि दमयंतीच्या जिवाला घोर लागला होता तो तेवढ्यासाठीच.

नळी पडेगावच्या मनकर्णाबाईची. पाच मिनिटांत चार मिलिलिटर लाळ. एखाद्या तान्ह्या लेकराची शोभावी इतकी. आणि शेजारी दमयंतीच्याच अक्षरातला तपासणीचा कागद सांगत होता की बाईची जीभ उन्हाळ्यातल्या शेतासारखी भेगाळलेली, तोंडात घातलेला तपासणीचा आरसा गालाला चिकटून बसलेला, दात हिरडीच्या कडेनं किडत चाललेले. ओलं तोंड असं नसतं. लाळ दातांना दिवसभर आंघोळ घालते, त्यांच्यावर चढलेलं आंबट उतरवते, झिजलेल्या जागी चुन्याचा हात फिरवते. जिचा पान्हा आटला तिचेच दात असे जातात.

"म्हणजे एकतर तुझे डोळे खोटे, नाहीतर तुझी नळी," अंबिका मॅडम म्हणाल्या. दंत महाविद्यालयात दमयंतीचा प्रबंध त्यांच्याच हाताखाली चालला होता. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "आणि सोळा, अठरा बघ. तोंड ठणठणीत, दात पहारीसारखे, आणि नळीत मात्र तळाशी थोडंसंच. चाळिसातल्या तीन जुळत नाहीत. मग उरलेल्या सदतिसांवर मी कशी सही करू?"

"मॅडम, परिषद बारा दिवसांवर आली."

"म्हणून तर सांगते. जा, विचारून ये. नळ्यांची अदलाबदल झाली असेल तर पडेगावचं सगळं काम बाद. मला वाईट वाटेल, पण बाद."

दोन वर्षांचं काम होतं. साठी ओलांडलेल्या, आयुष्यभर ज्वारीची भाकरी चावून शेतात राबलेल्या बायांचे दात शेवटपर्यंत कसे टिकतात, त्यांच्या लाळेत असं काय असतं, हे दमयंतीला शोधायचं होतं. पुंडलिकनगरच्या घरी तिचे वडील, मूळचे पडेगावचे वैजनाथराव, येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगत, "आमची दमू थुंकीवर पीएच.डी. करतीय." आई आतून ओरडे, "लाळ म्हणा हो, लाळ!"

स्कूटरवरून दौलताबादच्या रस्त्याला लागताना तिला तो नमुने गोळा करण्याचा दिवस आठवला. सकाळची वेळ, मारुतीचा पार, दहा-दहा बायांची रांग. दोन तास आधीपासून मिश्री नाही, खाणं नाही, पाणी नाही. मान खाली, ओठ सैल, न गिळता, न बोलता पाच मिनिटं नळी धरून बसायचं.

"न गिळता जमंल बाई," सरूबाई म्हणाली होती. ती त्या गावच्या बायांची पुढारीण. "पन न बोलता? ह्या आवडीला तर कापरं भरंल."

आवडाबाईनं तिथंच पारावर ओवी जुळवून टाकली होती:

"बत्तीस माझे गं दात, एका घरातल्या जावा
डाक्तरीण मोजी त्यांना, कुणी केला गं दुरावा"

हसणं ओसरलं तशी खरी अडचण पुढं आली. आपलं उष्टं दुसऱ्याच्या हातात द्यायचं कसं? आणि चारचौघांत तोंडातून लाळ गाळत बसायचं ते कसं?

"तू वैजनाथरावांची लेक ना? तुमच्यात तर दुसऱ्याच्या भांड्याला भांडं लागलेलं चालत नव्हतं. अन् आमचं उष्टं तू हातात घेऊन फिरणार व्हय?" सरूबाईनं विचारलं होतं.

"मावशी, हे उष्टं नाही. माझ्यासाठी ही औषधाची विहीर आहे."

"ऱ्हाऊ दे तुझी विहीर. आमी तोंडावर पदर घेऊन बसतो. तू पाठ फिरव. नळ्या सुपात ठेवू, सुपातून उचल."

दमयंतीनं पाठ फिरवली होती. वयस्क बायांची लाज राखावी म्हणून घड्याळाकडं बघत राहिली होती. पुस्तकात लिहिलं होतं की नमुना देणाऱ्यावर नजर ठेवावी. पण पुस्तक लिहिणारा पडेगावच्या पारावर बसला नव्हता.

माघातलं कोवळं ऊन होतं. सांडू पाटलाच्या कांद्यात खुरपणी चालली होती. सांडू म्हणजे सरूबाईचा थोरला. बांधावरच्या पेरूच्या झाडाखाली स्कूटर लावून दमयंती उभी राहिली. पंधरा बायांनी पंधरा पाती, खुरपायच्या पंधरा पट्ट्या, धरल्या होत्या आणि लुगड्यांची ती रंगीत ओळ हिरव्या कांद्यातून हळूहळू पुढं सरकत होती. एकच जण मागं होती. मनकर्णाबाई. गुडघे धरत, खुरपं टेकत, एकेक वाफा उरकत. मधूनच ती कमरेची पाण्याची बाटली काढी, एक घोट घेई आणि पुन्हा वाके.

सरूबाईची पात आधी संपली. ती पाठ टेकायला बांधावर आली नाही. तिकडूनच वळली आणि मनकर्णाबाईच्या पातीत समोरून शिरली. मागोमाग आवडाबाईही शिरली. दोघी समोरून खुरपत आल्या, मनकर्णाबाई इकडून गेली, मध्यावर तिघींची खुरपी भेटली. सगळ्या मिळूनच बांधावर आल्या.

"डाक्तरीणबाई! आज कुनाचे दात मोजता?" आवडाबाई लांबूनच ओरडली.

दमयंतीनं हसून पाहिलं, पण हसू नीट उमटलं नाही. तिनं सरळच विचारलं, "मावशी, त्या दिवशी नळ्या इकडच्या तिकडं झाल्या का? सतरा नंबरची?"

कुणी खुरप्याची माती काढू लागली, कुणी बोटं मोडू लागली.

"सतरा मनकर्णाचीच," सरूबाई म्हणाली. "तिच्याच हातात व्हती. मारुतीच्या पारावर बसून कोन लबाड बोलंल?"

खरंच होतं ते. दमयंतीनं स्वतःच ती तिच्या हातात दिली होती. "तीन नळ्या जुळत नाहीत हो. म्हणून सगळंच काम बाद करायची वेळ आलीय. सगळ्या चाळीस नळ्या," एवढंच ती म्हणाली आणि भाकरी सोडायला बसलेल्या बायांजवळ खाली बसली.

भाकऱ्या सुटल्या. ठेचा आला, कांदा आला. मनकर्णाबाईनं आपली भाकरी पितळीत कुस्करली आणि वर पाणी ओतलं. भाकरीची पेज झाली. ती घोट घोट पिऊ लागली. दमयंती पाहत होती. आणि मग मनकर्णाबाईनं पितळी खाली ठेवली, कोणाकडंच न बघता, दळायला बसलेली बाई स्वतःशी म्हणते तशा घोगऱ्या, मधेच तुटणाऱ्या आवाजात म्हणाली:

"माझा गं आड कोरडा, दोर टेकला तळाला
शेजीनं ओतलं पाणी, माझ्या मडक्याच्या गळ्याला"

तोंडानं सांगता न येणारं बायका ओवीतून सांगतात. सासूबद्दलचं, माहेराबद्दलचं, पोटातलं. दमयंतीनं सरूबाईकडं पाहिलं, मग आवडाबाईकडं. त्या दिवशी मनकर्णाबाईच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या. सोळा आणि अठरा.

"तुम्ही दोघींनी भरली?"

"मग काय करायचं?" आवडाबाई उसळली. "दोन मिनटं झाली तरी हिच्या नळीत थेंब नाय. रडकुंडीला आली. म्हनली, डाक्तरीण मला घरी धाडंल, माझंच तोंड कसं गं मेलं. मग सरूनं घेतली नळी पदराखाली, थोडं टाकलं. मी थोडं टाकलं. तवर तुझं घड्याळ वाजलं, आमच्या नळ्या तशाच राहिल्या."

"हिची पात मागं ठिवून आमी कधी घरी गेलो नाय," सरूबाई शांतपणे म्हणाली. "नळी तेवढी मागं ठिवायची व्हय?"

दमयंतीला राग यायला हवा होता. पण आत्ता डोळ्यांसमोर मध्यावर भेटलेली ती तीन खुरपी होती, आणि तिला हसूच फुटलं. हसता हसता डोळे पुसले.

"आणि बाकीच्यांच्या?"

"आपापल्या. शपथ."

"शपथेवर आमच्या मॅडम सही करत नाहीत, मावशी. सगळ्यांच्या पुन्हा घ्याव्या लागतील. आणि या खेपेला पदर खांद्यावर."

कुजबूज झाली. सरूबाईनं हातातला भाकरीचा तुकडा चावून चावून गिळला.

"परवा सकाळी," सरूबाई म्हणाली. "तोंडं दाखवू तुला सगळ्या. आमच्यापायी पोरीचं काम बुडलं असं नको."

"मला सोडून," मनकर्णाबाई पुटपुटली. "मी कशाला? रिकामी नळी."

दमयंती तिच्याजवळ सरकली. "मनकर्णामावशी, मला तुमची रिकामी नळीच हवी आहे. ती सगळ्यांत खरी. त्या दिवशी ती तशीच दिली असती तर मी त्याच दिवशी विचारलं असतं, कधीपासून असं होतंय?"

"झाली चार वर्सं. म्हातारपन, दुसरं काय."

"सरूमावशी तुमच्याहून मोठ्या आहेत. त्यांचं कुठं आटलं? काही गोळी घेता का?"

"अंगाला खाज सुटायची. मेडिकलवाल्यानं पिवळी गोळी दिली. झोप बी चांगली लागती तिनं. रोज घेते."

"चार वर्षं? रोज?"

"रोज. तो देतो, मी घेते."

दमयंतीनं कपाळाला हात लावला. "मावशी, ती गोळीच तुमचं तोंड सुकवतेय."

त्या पिवळ्या गोळीची पाकिटं तिनं दुसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यातल्या त्वचेच्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी ती बंद करून अंगाला लावायचं मलम लिहून दिलं. परवाच्या सकाळी पारावर चाळीस बाया आल्या, पदर खांद्यावर घेऊन, लाजत, एकमेकींकडं बघून ओठ दाबत. दमयंती समोर बसली. सरूबाईची नळी तिसऱ्या रेघेला गेली, आवडाबाईची त्याच्याही वर. मनकर्णाबाईच्या नळीच्या तळाशी पाच मिनिटांत दोन थेंब जमले. या खेपेला कोणी शेजारी सरकलं नाही, पण सरूबाईचा हात तिच्या पाठीवर होता.

अंबिका मॅडमनी नवे आकडे दोनदा तपासले. सदतीस जुन्याशी जुळले, तीन तपासणीच्या कागदाशी जुळले. सही करून त्या म्हणाल्या, "पाठ फिरवलीस ते शोधनिबंधात लिही. लपवू नकोस."

"लिहिलंय, मॅडम."

"आणि त्या दोघींना माझा नमस्कार सांग. नमुना बिघडवला म्हणून नाही हं. तू समजून घे कशासाठी ते."

परिषदेला जायच्या आदल्या दुपारी दमयंती पडेगावला गेली, निरोप घ्यायला. खुरपणी संपली होती. बाया पेरूखाली बसल्या होत्या. मनकर्णाबाईच्या कमरेला बाटली नव्हती. तिच्या हातात अर्धकच्चा, टणक पेरू होता. तिनं तो उलटसुलट फिरवला, किडक्या दातांची बाजू टाळून दुसऱ्या बाजूला धरला आणि करकन चावा घेतला. सगळ्या बाया तिच्या जबड्याकडं बघत राहिल्या. तिनं चावलं, घोळवलं, पुन्हा चावलं. हनुवटीवर रस आला तो मनगटानं पुसला.

"सुटलं गं," ती म्हणाली. "पानी सुटलं तोंडाला."

"मग आता गा की, घोगरे," आवडाबाई म्हणाली.

"खाऊ तर दे आधी!"

मनकर्णाबाईनं आणखी एक चावा घेतला. मग सवयीनं उरलेला पेरू शेजारी पुढं केला आणि शेजारी कोण बसलंय ते पाहून तिचा हात थबकला.

"उष्टाय गं बाई," ती ओशाळून म्हणाली.

"दोन खेपा तुमचं उष्टं हातात घेऊन फिरलेच की," दमयंती म्हणाली, आणि तिनं पेरू तिच्या हातून घेतला, चाव्याच्या खुणेवरच दात रोवले. पेरू फारच कच्चा होता.