गुळणीभर पाणी

विचुंब्याच्या रंभाबायच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की समोरच्याने आपलं गप्प बसावं, हेच बरं. आणि नेमकी तिचीच नात मिताली चार वर्षांची झाली तरी बोलेना. कान ठणठणीत, समज पुरी. डॉक्टर म्हणाले, बोलेल, जरा धीर धरा. सून निशा धीर धरून होती. रंभाबायच्या जिवाला मात्र घोर लागला होता.

शेवटी तिने वाचाईच्या विहिरीचा नेम करायचं ठरवलं. नव्या इमारतींच्या मागे, उंबराखाली ती विहीर आहे. न बोलणाऱ्या लेकराच्या जिभेवर तिचं पाणी लावायचं. पण लेकराला नेणाऱ्याने घरातूनच तोंडात पाण्याची गुळणी धरायची आणि ती उंबराच्या बुंध्याशीच सोडायची. वाटेत गिळली, तर पुन्हा घरापासून सुरुवात.

निशा हसली. "आई, तुमी आन् गप्प? मितालीच्या आधी वाचाई तुमालाच पावली पायजे."

रंभाबाय गुळणीने गाल फुगवून, मितालीचा हात धरून निघाली. देवळापाशीच तिचा जीव कासावीस झाला. किती सांगण्यासारखं दिसत होतं वाटेत! कोपऱ्यावर मुबीना तिचं दुकान उघडत होती. तिने विचारलं, "काय गं मिताली, कुठे चालली स्वारी?"

मुबीना रोज विचारी आणि रोज उत्तर आजीच देई. मितालीने सवयीने आजीकडे पाहिलं. आजीचं तोंड बंद. पोर वाट बघत राहिली. मुबीनाही कुलपात किल्ली तशीच धरून थांबली.

"इहिरीव," मिताली म्हणाली. मग आजीच्या गालाकडे बोट करून, "पानी हाय. तोंडात."

रंभाबायने घटकन गुळणी गिळली. तिच्या डोळ्यांना धार लागली. आनंद तर झालाच, पण त्याहून जास्त तिला स्वतःचा राग आला. चार वर्षं या पोरीच्या वाटणीचंही आपणच बोलत आलो!

"या अल्ला! बोलली की पोर!" मुबीनाने मितालीला उचलूनच घेतलं. "आता विहिरीवर कशाला जातेस? झालं की काम."

"आसा कसा? गुळणी गिळली ना मी. नेम तो नेम."

घरी जाऊन रंभाबायने आणखी मोठी गुळणी भरली आणि या खेपेला लांबची वाट धरली, साऱ्या आळीच्या दारांवरून जाणारी.

पहिल्याच ओटीवर तुळशीराम बसला होता. "कुठं निघाल्या गो आजी-नाती?"

रंभाबायने गाल फुगवले आणि मितालीकडे पाहिलं.